भरलेली गाडी डोंगर उतरते तेव्हा: मॉर्निंग्टनचा १९२० चा अपघात आणि त्या जागेचा वारसा

पर्थहून दक्षिणेला बनबरीकडे निघालं आणि साउथ वेस्टर्न हायवेवर हार्वी मागे पडलं, की थोड्याच वेळात वोकलप नावाची छोटी वस्ती येते. उजव्या हाताला दूधदुभत्याच्या गाईंची सपाट कुरणं आणि डाव्या हाताला डार्लिंग कड्याची लांबच लांब रांग. पर्थमध्ये राहणारी मराठी मंडळी सुट्टीत या रस्त्याने मार्गारेट रिव्हरकडे जातात, पण इथे कुणी थांबत नाही. थांबण्यासारखं रस्त्यावरून काही दिसतही नाही. त्या डाव्या हाताच्या डोंगरात एके काळी मॉर्निंग्टन नावाची लाकूडगिरणी होती आणि तिथून वोकलपपर्यंत एक खाजगी रेल्वेमार्ग उतरत असे. ६ नोव्हेंबर १९२० रोजी, शनिवारी, या मार्गावर लाकूड वाहणारी एक गाडी उतारावर ताब्याबाहेर गेली आणि रूळ सोडून कोसळली. नऊ माणसं मेली. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या रेल्वे इतिहासातल्या सर्वांत जीवघेण्या अपघातांत त्याची गणना होते.

लाकूडगाडी म्हटल्यावर मालगाडी डोळ्यांसमोर येते. मालगाडीच्या अपघातात नऊ माणसं कशी जातात? आणि जिथे आज इमारत नाही, इंजिन नाही, अशा उतरणीला वारसा का म्हणायचं? या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून दोन्ही एकत्रच समजून घेऊ.

या डोंगरातलं मुख्य झाड जॅरा. ते निलगिरीच्या कुळातलं, पण आपण रस्त्याकडेला लावतो त्या सडपातळ निलगिरीपेक्षा फार वेगळं. लाकूड गडद तांबडं, कठीण, आणि वाळवी व ओल दोन्हींना दाद न देणारं. लंडनमधले कित्येक रस्ते एके काळी जॅरा आणि त्याच्याच भाऊबंदातल्या कॅरी या झाडाच्या ठोकळ्यांनी फरसबंद केलेले होते. जॅराचे स्लीपर, म्हणजे रुळांखाली आडवे टाकायचे लाकडी ठोकळे, भारतातल्या रेल्वेसाठीही येत. म्हणजे इकडचे रूळ पेलायला तिकडचं जंगल तोडलं जात होतं.

ही तोड करणाऱ्यांत सर्वांत मोठं नाव मिलर्स कंपनीचं. १९०२ मध्ये लाकूड धंद्यातल्या अनेक कंपन्या एकत्र होऊन ती उभी राहिली, आणि मॉर्निंग्टनसह दक्षिण-पश्चिमेच्या बऱ्याचशा गिरण्या तिच्या ताब्यात गेल्या. अशा प्रत्येक गिरणीभोवती एक गाव वसे. घरं कंपनीची, दुकान कंपनीचं, आणि बाहेरच्या जगाशी जोडणारे रूळही कंपनीचेच. डोंगरात मोटारीचा धड रस्ता नसे. डॉक्टर, टपाल, पीठ, साखर, सुट्टीला निघालेली माणसं, सगळं लाकडाच्याच गाडीने यायचं आणि जायचं. मालगाडीच्या अपघातात माणसं मरण्याचं कारण हेच. त्या गावांना दुसरी गाडीच नव्हती.

ओढायला पुरेसं, धरायला अपुरं

आता गणिताकडे येऊ. मला या विषयात सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग हाच आहे.

लाकूड डोंगरावर आणि बाजार खाली. म्हणून गाड्या वर रिकाम्या जात आणि खाली भरलेल्या येत. कंपनीच्या दृष्टीने ही फार सोयीची गोष्ट होती. रिकामे वाघीण-डबे चढावर ओढायला लहान इंजिन पुरतं, आणि भरलेले डबे तर गुरुत्वाकर्षणच खाली आणतं. इंजिन लहान, म्हणून रूळ हलके चालतात. रूळ हलके, म्हणून मार्ग स्वस्तात होतो. जंगलाचा एक पट्टा तोडून झाला की तिथले रूळ उखडून पुढच्या पट्ट्यात टाकायचे असत, त्यामुळे खर्च कमी ठेवण्याकडे सगळा कल. खोल खोदकाम किंवा मोठे भराव टाळायचे, तर मार्ग डोंगराच्या अंगाने वळणं घेत जाणार आणि उतार तीव्र राहणार.

या हिशोबात एक खोट आहे. इंजिन निवडलं जातं रिकामी गाडी वर ओढण्यासाठी, पण त्याला भरलेली गाडी उतारावर धरून ठेवायची असते. ही दोन कामं सारखी नाहीत.

एक उदाहरण घेतो. यातले आकडे समजण्यापुरते आहेत, मॉर्निंग्टनच्या गाडीचे नाहीत. समजा इंजिनासकट सगळी गाडी १०० टनांची आहे, त्यातलं इंजिन २५ टनांचं. उतार ४० ला १, म्हणजे ४० मीटर पुढे गेलं की १ मीटर खाली. अशा उतारावर गाडीला खाली खेचणारा जोर एकूण वजनाच्या चाळिसाव्या भागाइतका, म्हणजे अडीच टन असतो. चाकं आणि रूळ यांच्यातला नेहमीचा अडथळा त्यातला साधारण अर्धा टन खाऊन टाकतो. उरले दोन टन. हे दोन टन ब्रेकने सतत रोखून धरायला हवेत, एका क्षणाचीही उसंत न घेता.

इंजिनाच्या ब्रेकमध्ये किती जोर असू शकतो? ब्रेक कितीही ताकदवान बसवा, चाक आणि रूळ यांच्यातल्या पकडीपेक्षा जास्त जोर मिळूच शकत नाही. रूळ कोरडे आणि स्वच्छ असतील तर ही पकड चाकांवरच्या वजनाच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतकी असते. २५ टनांच्या इंजिनाची सगळी चाकं ब्रेकखाली असली तर सव्वासहा टन. दोन टनांसाठी हे भरपूर झालं. रोज गाडी व्यवस्थित उतरते, चालकाला भरवसा वाटू लागतो, आणि त्याच्या भरवशात काही चूकही नसते.

मग एखाद्या दिवशी रूळ ओले असतात. मुसळधार पाऊस इतका वाईट नाही, तो रूळ धुऊन काढतो. घातक असते ती भुरभुर. अनेक कोरड्या दिवसांनंतर दोन थेंब पडले, की रुळावरची धूळ, तेल आणि चिरडलेला पालापाचोळा यांचा पातळ, बुळबुळीत थर तयार होतो. दुचाकी चालवणाऱ्याला मृगाच्या पहिल्या सरीतला रस्ता जसा भिववतो, तसंच हे. पकड वजनाच्या चौथ्या हिश्श्यावरून शेकडा आठवर आली, तर २५ टनांच्या इंजिनाला मिळतात बरोबर दोन टन. आता गाडी काठावर आहे. शेकडा पाचवर आली, तर सव्वा टन. पाऊण टन कमी पडला.

पाऊण टन म्हणजे १०० टनांच्या गाडीपुढे काहीच नाही, असं वाटेल. पण हा जोर थांबत नाही, तो साचत जातो. वेग दर मिनिटाला ताशी साधारण १६ किलोमीटरने वाढतो. ताशी १५ ने उतरणारी गाडी एका मिनिटात ३१ वर, दोन मिनिटांत ४७ वर आणि तीन मिनिटांत साठीच्या पुढे. पुढे वळण येतं. वळणावर गाडीला बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग चौपट झाला की हा जोर सोळापट होतो. त्यात साडेतीन फुटी, म्हणजे १०६७ मिलिमीटरचा अरुंद मार्ग आणि वर उंच रचलेलं ओलं लाकूड. नुकताच तोडलेला जॅरा घनमीटरला एक टनाहून जड असतो, पाण्यात टाकला तर बुडतो. अशी गाडी त्या वेगात रुळांवर टिकणं अवघड.

ब्रेक लावल्यावर काय होतं

चालकाच्या हातात अजून काही उपाय असतात. रुळावर वाळू सोडायची, त्यासाठी इंजिनावर वाळूची पेटीच असते. इंजिन उलट्या दिशेने चालवायचं. डब्यांचे हातब्रेक लावायचे. पण यातला प्रत्येक उपाय वेळेवर झाला तरच उपयोगी पडतो.

हातब्रेकचंच बघा. वाघिणीच्या बाजूला एक दांडा असतो. तो दाबून खिळ अडकवली की लोखंडी ठोकळा चाकावर घासतो. उताराच्या माथ्यावर गाडी थांबवून यातले काही दांडे आधीच लावून ठेवायचे असतात. किती लावायचे हा अनुभवाचा भाग. कमी लावले तर गाडी पळते, जास्त लावले तर चाकं अडकून रुळावर नुसती घसरत जातात. अडकून घसरणाऱ्या चाकाची पकड फिरणाऱ्या चाकापेक्षा कमी असते. म्हणून घाबरून ब्रेक गच्च आवळला की गाडी आणखीच सुटते. आणि एकदा वेग आला की ओंडक्यांनी भरलेल्या वाघिणींवरून चालत जाऊन एकेक दांडा लावणं माणसाच्या आवाक्यातलं राहत नाही.

आणखी एक गोष्ट अशी, की ओतीव लोखंडाचा ठोकळा चाकावर जेवढा संथ घासतो तेवढा जास्त धरतो. वेग वाढला की त्याची धरण्याची ताकद कमी होते. डग्लस गॅल्टन यांनी १८७८ मध्ये इंग्लंडमध्ये प्रयोग करून हे मोजून दाखवलं होतं. म्हणजे ज्या क्षणी ब्रेकची सर्वांत जास्त गरज, त्याच क्षणी तो सर्वांत दुबळा. सुटलेली गाडी सुरुवातीच्या मिनिटभरात सावरली नाही तर पुढे सावरत नाही, त्यामागचं कारण हे आहे.

यावरचा उपाय १९२० पर्यंत जगाला चांगला माहीत होता. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८७२ मध्ये आपोआप लागणारा हवेचा ब्रेक आणला. सगळ्या गाडीतून हवेची एक नळी जाते, प्रत्येक डब्याला स्वतःचा ब्रेक असतो, आणि नळी तुटली की ब्रेक सुटण्याऐवजी लागतात. आयर्लंडमध्ये आर्मा इथे १२ जून १८८९ रोजी चढावर तोडलेले डबे मागे घरंगळले आणि ८० जण मेले. त्यानंतर त्याच वर्षी कायदा होऊन ब्रिटनमधल्या प्रवासी गाड्यांना असा सलग ब्रेक सक्तीचा झाला. पण सक्ती होती ती प्रवासी गाड्यांना. जंगलातल्या लाकूडगाड्या कागदावर प्रवासी गाड्या नव्हत्याच. शिवाय ओंडके वाहण्याची पद्धतही आड येत असे. कित्येक ठिकाणी लांब ओंडक्याचं एक टोक एका चाकगाड्यावर आणि दुसरं टोक दुसऱ्या चाकगाड्यावर टाकत, मध्ये डब्याची चौकटच नसे. तिथे हवेची नळी जोडायची कशाला?

हे वाचताना मला राग येतो, आणि तो चालकांवर नाही. माणसं त्या गाड्यांनी जातात हे सगळ्यांना माहीत होतं. तरी गाडी माल म्हणून मोजली जायची.

आपल्याकडचा घाट

पळती गाडी म्हणजे काय हे महाराष्ट्राला सांगावं लागू नये. बोरघाटाचा मार्ग १८६३ मध्ये सुरू झाला, उतार ३७ ला १. खंडाळ्याजवळ गाडी एका टोकाला नेऊन इंजिन दुसऱ्या बाजूला लावायचं आणि उलट्या दिशेने पुढे जायचं, असं रिव्हर्सिंग स्टेशन होतं. २६ जानेवारी १८६९ रोजी घाट उतरणारी मेल गाडी तिथे थांबूच शकली नाही आणि मार्गाचं टोक ओलांडून खाली गेली. या घाटात पुढे कॅच सायडिंग बांधल्या गेल्या. मुख्य मार्गातून फुटून चढावर जाणारा एक आंधळा फाटा असतो आणि सांधा, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी जोडणी, मुळात त्याच फाट्याकडे वळवलेला असतो. उतरणाऱ्या गाडीने आधी थांबून दाखवायचं, मगच पुढची वाट मिळते. थांबता न आलेली गाडी आपोआप चढावर जाऊन शांत होते. चालकाच्या कौशल्यावर विसंबून न राहता, चूक होणारच असं धरून मार्ग आखायचा, हा त्यामागचा विचार. लोणावळ्याहून कर्जतला उतरताना गाड्या मध्येच ब्रेक तपासायला थांबतात, तेव्हा डब्यात कुरकुर होते. ती दोन मिनिटं कशासाठी आहेत, ते वरच्या गणितावरून कळावं.

१९२९ मध्ये नवा मार्ग झाल्यावर खंडाळ्याचं रिव्हर्सिंग स्टेशन बंद पडलं. त्याच परिसरातला १८३० चा अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये स्फोटाने पाडला. तेव्हा हळहळ झाली, छायाचित्रं फिरली. रिव्हर्सिंग स्टेशनच्या जागेवर मात्र १८६९ साली काय घडलं हे तिथून रोज जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल?

रिकाम्या जागेला वारसा कसं म्हणायचं

ऑस्ट्रेलियात वारसा ठरवताना ज्या दस्तऐवजाचा आधार घेतात त्याला बरा सनद म्हणतात. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या बरा नावाच्या जुन्या तांब्याच्या खाणीच्या गावात ती १९७९ मध्ये मंजूर झाली. तिच्यातला पायाचा विचार असा, की वारसा म्हणजे जुनी इमारत नव्हे, वारसा म्हणजे महत्त्व असलेली जागा. हे महत्त्व सौंदर्याचं असेल, इतिहासाचं असेल, लोकांच्या मनातल्या नात्याचं असेल किंवा त्या जागेतून पुढे काही शिकता येण्याचं असेल. जागेवर एकही भिंत उभी नसली तरी चालतं. जपताना लागेल तितकंच हलवायचं, शक्य तितकं कमी, हा दुसरा नियम.

राज्याच्या पातळीवर वेस्टर्न ऑस्ट्रेलियात २०१८ चा वारसा कायदा आहे आणि राज्याची नोंदवही आहे. त्याखाली प्रत्येक स्थानिक परिषद आपल्या हद्दीतल्या जागांची पाहणी करून यादी ठेवते. वोकलप आणि मॉर्निंग्टन हार्वीच्या परिषदेत मोडतात. या दोन पातळ्यांत मोठा फरक आहे. राज्याच्या नोंदवहीत नाव गेलं की जागेला कायद्याचं संरक्षण मिळतं. स्थानिक पाहणीत नोंद म्हणजे मुख्यतः लिहून ठेवलेली ओळख. पुढे कुणी तिथे काही करायला निघालं तर निदान कुणाला तरी आठवण होते.

लाकूडगाड्यांच्या मार्गांवर आज साधारण काय उरतं? रुळांसाठी सपाट केलेली पट्टी, तिला रेल्वेच्या भाषेत फॉर्मेशन म्हणतात. डोंगर कापून केलेले खोदकाम. ओढ्यांवरच्या लाकडी पुलांचे बुंधे. कुजत आलेले स्लीपर आणि त्यांच्यातले खिळे. रूळ बहुधा नसतात, कंपनीने ते उचलून दुसरीकडे नेलेले असतात. पण या अपघाताचा मुख्य साक्षीदार रूळ नव्हेतच. साक्षीदार आहे तो उतार. फॉर्मेशन शाबूत असेल तर आजही उतार मोजता येतो, वळणाची त्रिज्या काढता येते, उताराच्या कुठल्या टप्प्यावर गाडीला सावरायला जागा होती आणि कुठे नव्हती हे पाहता येतं. वर मी कल्पनेचे आकडे घेतले, तिथे जमिनीवरचे खरे आकडे मिळू शकतात. बुलडोझर फिरवून तिथे रुंद रस्ता केला, की अपघाताची तारीख आणि मृतांची संख्या पुस्तकात राहील, पण तो का झाला हे तपासण्याची सोय संपेल.

इमारतींच्या भरवशावर राहिलं तर काय होतं याचं उदाहरण जवळच आहे. वोकलपच्या उत्तरेला यार्लूप गावात मिलर्सच्या इंजिनांची आणि यंत्रांची मोठी कर्मशाळा होती. ती लाकडी इमारतींसकट जपली होती, संग्रहालय म्हणून लोक पाहायला येत. जानेवारी २०१६ च्या वणव्यात ती जळाली. त्या आगीने गावातली दोन माणसं नेली आणि परिसरातली १८० हून अधिक घरंदारं व मालमत्ता राख केल्या. त्या कर्मशाळेबरोबर लाकूडगाड्यांच्या जगाचा सर्वांत भरीव पुरावा गेला. त्यानंतर डोंगरातल्या साध्यासुध्या खुणांचं मोल वाढलं आहे, असं मला वाटतं.

त्या डोंगराचा इतिहास गिरणीपासून सुरू होत नाही, हेही सांगायला हवं. ही नूंगार लोकांची भूमी. हजारो वर्षं ते या जंगलात राहत आले. ज्या झाडांच्या वजनाने गाड्या पळाल्या ती झाडं त्यांच्या परवानगीने तोडलेली नव्हती. आणि १ जानेवारी २०२४ पासून राज्याने सरकारी नैसर्गिक जंगलातली व्यापारी लाकूडतोड थांबवली. ज्या धंद्यासाठी तो मार्ग घातला होता, तो धंदा आता इतिहासजमा झाला. जॅराच्या जंगलात बॉक्साइटच्या खाणी मात्र चालू आहेत.

या जंगलातल्या जुन्या मार्गांवर चालायला जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. पहिली बुटांची. फायटोफ्थोरा नावाचा एक सूक्ष्म जीव मातीतून पसरतो आणि जॅराची मुळं कुजवतो. झाड शेंड्याकडून वाळत जातं, तिथले लोक त्याला डायबॅक म्हणतात. त्याचं कारण १९६० च्या दशकात सापडलं, आणि तो पसरतो मुख्यतः चिखलातून, म्हणजे टायर आणि बूट यांच्यावरून. जंगलाच्या वाटांवर बूट घासायची सोय असते ती त्यासाठी. जंगलात शिरताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा बूट स्वच्छ करावेत.

दुसरी गोष्ट खिळ्यांची. स्लीपरमधून निसटलेला गंजका खिळा हातात घेतला की खिशात टाकायचा मोह होतो, आणि एक नेल्याने काय बिघडतं असं वाटतं. पण स्लीपर कुजून गेले तरी खिळे जागच्या जागी राहतात. दोन रांगांमधलं अंतर मार्गाची रुंदी सांगतं, त्यांची वाकण वळण सांगते, आणि एखाद्या ठिकाणी खिळे दाट असले तर तिथे रूळ बाहेर सरकू नये म्हणून रुळांची देखभाल करणाऱ्या गँगवाल्यांनी जादा ठोकले असावेत असा अंदाज बांधता येतो. उचललेल्या खिळ्यातून यातलं काहीच कळत नाही. फोटो काढावा, जागा टिपून घ्यावी, आणि खिळा होता तिथेच ठेवावा.